अभयसाधकाचे भय : बाबा आमटे यांचे चरित्र

थोरांची चरित्रे मुलांच्या हाती देताना आम्हा शिक्षकांची एक खोड असते. चरित्रनायक कोठे चुकला, कोठे घाबरला, कोणत्या दिवशी त्यास स्वतःचीच लाज वाटली, एवढा भाग आम्ही हलकेच गाळतो. आणि त्याचे धैर्य, त्याची मानचिन्हे व त्याची स्मारके तेवढी पुढे मांडतो. हेतू चांगला असतो. परंतु परिणाम असा होतो की, ज्या मुलाच्या मनात भय आहे त्यास थोरांची जात निराळी आणि आपली निराळी असे वाटू लागते. प्रस्तुत लेखात ही खोड मोडण्याचे आम्ही योजिले आहे. त्यास कारणही तसेच घडले.

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही निबंधाच्या वह्या तपाशीत बसलो असता आमची एक जुनी विद्यार्थिनी भेटावयास आली. तिचे घर आपल्या सक्करदऱ्यातच, तलावाच्या बाजूस आहे. परिचर्येचे शिक्षण पुरे करून ती एका रुग्णालयात नोकरीस लागली, त्यास तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते. एरवी हसतमुख असणारी ही मुलगी त्या दिवशी बराच वेळ काही बोलेना. मग हळूहळू तिने सांगितले ते असे. आदल्या रात्री तिच्या वॉर्डात एक वृद्ध गृहस्थ होते. मधुमेहाने त्यांचा पाय सडला होता. ड्रेसिंगसाठी जुनी पट्टी सोडताच जो दुर्गंध सुटला त्याने हिच्या पोटात ढवळून आले, हातातील चिमटा खाली पडला, आणि तोंडावर हात धरून ती वॉर्डाबाहेर धावली. राहिलेले ड्रेसिंग दुसऱ्या एका सिस्टरांनी पुरे केले. ही परत येऊन पाहते तो आजोबांनी भिंतीकडे तोंड केलेले. त्यांचा आजार आधीच हाताबाहेर गेला होता. पहाटे ते वारले. हिच्यामुळे ते गेले असे कोणी म्हटले नाही, आणि ते खरेही नव्हते. परंतु भिंतीकडे वळलेले ते तोंड हिच्या डोळ्यांपुढून हालेना. आपण या कामास लायक नाही, ते आज कळले हे बरेच झाले, उद्या राजीनामा देऊन टाकते, असे तिचे म्हणणे होते.

तिला धीराचे चार शब्द सांगावे असे प्रथम मनात आले. परंतु असे शब्द ऐकणाराच्या कानावरून जातात, आत उतरत नाहीत, असा आमचा अनुभव आहे. म्हणून आम्ही तिला एका माणसाचे चरित्र सांगितले. तेच येथे लिहितो.

हा माणूस आपल्याच मुलखातला. मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे झाला. वडील सरकारी अधिकारी, घराणे जमीनदाराचे, वरोऱ्याजवळ गोरजे येथे मोठी शेतीवाडी. घरात लाडाने पडलेले बाबा हे नाव त्यांस जन्मभर चिकटले. त्यांचे शिक्षण आपल्या नागपुरात, मिशनच्या शाळेत व पुढे हिस्लॉप महाविद्यालयात झाले. १९३४ साली ते बी. ए. झाले व १९३६ साली त्यांनी वकिलीची परीक्षा दिली. तरुणपणी बाबांच्या ऐषारामास काही उणे नव्हते. लहान वयातच ते बंदूक घेऊन रानात अस्वल व डुक्कर यांच्या शिकारीस जात; मोटार बाळगीत, तीही वाघाच्या जातीच्या जनावराचे कातडे आत मढविलेली; इंग्रजी चित्रपटांवर परीक्षणे लिहीत. मात्र त्याच वेळी घरच्या नोकरांच्या मुलांबरोबर खेळण्यास व जेवण्यास त्यांस कोणी आडकाठी केलेली खपत नसे. या दोन्ही गोष्टी त्यांच्या ठायी एकत्र नांदत होत्या.

वकिली त्यांनी वरोऱ्यास केली. ती चालली चांगली, पण मन रमेना. अशिलाच्या खऱ्याखोट्याचा हिशोब करून पैसे घ्यावयाचे, आणि शेतात दिवसभर राबणाऱ्यास त्याचा चतकोरही मिळू नये, हे त्यांस बोचू लागले. १९४२ च्या चळवळीत पकडलेल्या लोकांचे खटले चालविण्यासाठी त्यांनी वकील जमविले व त्यापायी स्वतः तुरुंगवासही पत्करला. सेवाग्राम तेथून दूर नव्हते. तेथे त्यांचे जाणेयेणे होऊ लागले, व गांधीजींच्या सहवासात त्यांनी आपली राहणी पालटली. एकदा आगगाडीत काही गोरे सैनिक एका तरुणीस त्रास देत असता बाबा एकटे त्यांच्या आड गेले, मार खाल्ला, परंतु हटले नाहीत. ही हकीकत गांधीजींच्या कानी गेली तेव्हा त्यांनी बाबांस अभयसाधक असे नाव दिले. वाचकांनी हे नाव ध्यानात ठेवावे. पुढील प्रसंगाचा सारा अर्थ त्या नावात आहे.

१९४६ साली बाबांचा विवाह नागपूरच्या घुले घराण्यातील इंदू यांच्याशी झाला. त्याच पुढे साधनाताई आमटे म्हणून प्रसिद्ध झाल्या. घरात लग्नाची धामधूम चालली असता ही मुलगी एका थकलेल्या म्हाताऱ्या मोलकरणीस कपडे धुण्यास गुपचूप मदत करीत होती, ते पाहून बाबांनी तिलाच मागणी घालण्याचे ठरविले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. लग्नानंतर दोघांनी वरोऱ्यास श्रमाश्रम काढला. तेथे निरनिराळ्या जातींची श्रमजीवी माणसे एकत्र राहत, मिळविलेले एकत्र करीत व वाटून खात.

बाबा वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना भंगीकाम करणाऱ्या लोकांच्या मागण्यांचा प्रश्न निघाला. त्यांच्या कामाची यातना त्यांच्या जागी उभे राहिल्याखेरीज कळणार नाही, हे बाबांस पटले, आणि त्यांनी स्वतः मैल्याची टोपली डोक्यावर घेण्यास आरंभ केला. त्या काळी वकील झालेल्या, उच्च जातीत जन्मलेल्या माणसाने हे करणे म्हणजे काय, याची कल्पना आजच्या मुलांस सहज यावयाची नाही. काही महिने हे काम चालू होते. त्या दिवसांत त्यांस पाहणाऱ्याने खात्रीने सांगितले असते की, या माणसास आता किळस म्हणून उरली नाही आणि भय तर नाहीच नाही.

आणि अशा वेळी ती पावसाळी संध्याकाळ आली. टोपली घेऊन जात असता रस्त्याच्या कडेस त्यांस काहीतरी हालताना दिसले. जवळ जाऊन पाहतात तो तो एक माणूस होता. त्याचे नाव तुळशीराम. महारोगाने त्याच्या हातापायांची बोटे झडली होती, अंगावर धड वस्त्र नव्हते, जखमांत किडे पडले होते, आणि पावसात तो मरणाची वाट पाहत पडला होता. बाबांच्या अंगावर भयाचा काटा आला. हा रोग आपल्यास जडला तर, एवढा एकच विचार मनात उरला. आणि अस्वलासमोर उभे राहिलेले, सैनिकांसमोर न हटलेले, मैल्याची टोपली उचलणारे बाबा आमटे तेथून पळाले.

होय, पळाले. हे कोणा निंदकाने लिहून ठेविलेले नाही; बाबांनी ते स्वतः जन्मभर सांगितले. घरी गेल्यावर त्यांस चैन पडेना. आपल्यास अभयसाधक म्हणतात ते खोटे, असे त्यांच्या मनाने घेतले. तुळशीरामाच्या जागी आपली पत्नी किंवा आपले मूल असते तर आपण असेच पळालो असतो काय, हा प्रश्न त्यांस सोडीना. आमच्या विद्यार्थिनीस जो प्रश्न पडला होता तोच हा.

येथे आम्ही वाचकांस क्षणभर थांबवू इच्छितो, कारण त्यानंतर बाबांनी काय केले नाही हेही पाहण्याजोगे आहे. हे आपले काम नव्हे, असे म्हणून ते आपल्या वकिलीकडे वळले नाहीत. उलट, मला भय वाटलेच नव्हते, अशी स्वतःची समजूतही त्यांनी घातली नाही. ते परत गेले. त्याच माणसाकडे परत गेले. भय गेले होते म्हणून नव्हे, भय होतेच. त्यांनी तुळशीरामास आपल्या हाताने अन्न भरविले, पाऊस लागू नये म्हणून त्याच्यावर आडोसा केला, त्याच्या जखमा धुतल्या, आणि त्याचा अंत होईपर्यंत त्याची शुश्रूषा केली. तुळशीराम वाचला नाही. बाबांच्या सेवेने तो बरा झाला असे या गोष्टीत काही नाही. एवढेच झाले की, तो एकटा मेला नाही.

आपल्या शाळेत चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत प्रत्येक वर्षी शिकविला जातो. वाटेत जखमी पडलेल्या माणसास पाहून याजक बाजूने निघून गेला, लेवीही निघून गेला, आणि शोमरोन्याने मात्र त्याच्या जखमा बांधल्या. हा दृष्टांत शिकविताना निघून जाणारा एक व थांबणारा दुसरा, असे आम्ही नेहमी धरून चालतो. बाबांच्या चरित्राने आम्हास असे दाखविले की, ही दोन्ही एकच माणूस असू शकतात. एक जाताना, दुसरा परतताना. त्या दृष्टांतातील याजक पुढच्या वळणावरून मागे फिरला असता, तर जखमी माणसाने त्यास नको म्हटले असते काय?

परत जाणे ही पहिली गोष्ट झाली. तेवढ्यानेच बाबा थांबले असते तर ती एक हळवी आठवण म्हणून राहिली असती. परंतु आपल्या भयाचे मूळ पुष्कळसे अज्ञानात आहे, हे त्यांनी ओळखले. महारोग, म्हणजेच कुष्ठरोग, हा पापाचे फळ नसून एका जंतूमुळे होतो, हे नॉर्वेतील डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ साली शोधून काढले होते. तो सहजासहजी जडणारा रोग नाही. बहुतेक माणसांच्या शरीरात त्यास तोंड देण्याची शक्ती जन्मतःच असते. १९४१ पासून त्यावर सल्फोन जातीची औषधेही वापरली जाऊ लागली होती. परंतु ही विद्या खेड्यापाड्यांत पोचली नव्हती, आणि रोग्यास गावाबाहेर घालविण्याची रीत मात्र घरोघर पोचलेली होती. बाबांनी या रोगाची माहिती मिळविण्यास व रोग्यांवर उपचार करण्यास आरंभ केला. १९४९ साली, वैद्यकीय पदवी नसतानाही, ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम शिकावयास गेले. एवढेच नव्हे, तर संशोधनाच्या कामी या रोगाचे जंतू टोचून पाहण्यास त्यांनी आपले शरीर पुढे केले. जंतू टोचले गेले, पण रोग जडला नाही. ज्या भयाने ते एकदा पळाले होते, तेच भय त्यांनी अशा रीतीने आपल्या दंडात घेतले.

त्याच वर्षी त्यांनी महारोगी सेवा समितीची स्थापना केली. वरोऱ्याजवळची खडकाळ, झाडोऱ्याने भरलेली पन्नास एकर जमीन सरकारकडून मिळाली. १९५१ साली बाबा, साधनाताई, त्यांची दोन लहान मुले, सहा रोगी, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये, एवढ्या भांडवलावर तेथे आनंदवन सुरू झाले. रानात साप व विंचू सुमार नव्हते. पाण्यासाठी प्रथम विहीर खणली ती बोटे झडलेल्या हातांनी. तेथे पिकलेला भाजीपाला विकत घेण्यासही गावचे लोक आरंभी भीत. परंतु भिक्षेने माणूस खचतो व श्रमाने उभा राहतो, या एका तत्त्वावर बाबांनी सर्व उभारणी केली. रोगी तेथे शेती करू लागले, माग चालवू लागले, घरे बांधू लागले. पुढे तेथे रुग्णालय झाले, अंध व मूकबधिर मुलांच्या शाळा झाल्या, महाविद्यालयही झाले. ज्यांस गावाने हाकलले त्यांच्या श्रमांवर उभ्या राहिलेल्या महाविद्यालयात त्याच गावांची मुले शिकावयास येऊ लागली.

या सर्व काळात साधनाताईंचा वाटा केवढा होता, हे त्यांच्या ‘समिधा’ या आत्मकथनावरून कळते. आम्ही येथे एवढेच म्हणतो की, बाबांस आपले भय सांगावयास घरात एक माणूस होते, आणि त्या माणसाने त्यांस मागे ओढले नाही. सोवळ्यात वाढलेली ही मुलगी तान्ही मुले घेऊन कुष्ठरोग्यांच्या वस्तीत राहावयास गेली. आमच्या वाचकांत जे पालक आहेत त्यांनी यावर अवश्य विचार करावा.

पुढील आयुष्यात बाबांस मानसन्मान पुष्कळ लाभले. १९७१ साली पद्मश्री, १९८५ साली मॅगसेसे पारितोषिक, १९८६ साली पद्मविभूषण, १९९० साली टेम्पल्टन पारितोषिक. १९७३ साली भामरागडच्या अरण्यात हेमलकसा येथे माडिया गोंड लोकांसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. पाठीच्या कण्याच्या विकाराने त्यांस बसणे अशक्य झाले होते. उभे राहणे किंवा आडवे होणे, एवढेच त्यांच्या हाती उरले. तशा स्थितीत १९८५ साली त्यांनी कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत तरुणांची भारत जोडो यात्रा काढली. १९९० साली ते नर्मदेच्या काठी कसरावद येथे जाऊन राहिले. परंतु धरण थांबले नाही. म्हणजे अपयशही त्यांच्या वाट्यास आलेच. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांचे देहावसान झाले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन न करता तो तेथील मातीत पुरण्यात आला. आज आपल्या शाळेत शिकणाऱ्या बहुतेक मुलांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. तथापि एवढे सन्मान मिळाल्यावरही, आपण हे काम कोणावर उपकार करण्यासाठी नव्हे तर स्वतःचे भय जिंकण्यासाठी हाती घेतले, असेच ते सांगत राहिले.

हे सारे ऐकून आमची विद्यार्थिनी म्हणाली की, बाबा आमटे मोठे होते, पण ते परिचारिका नव्हते. परिचारिकेस चुकण्याची मुभा नसते. तिचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. म्हणून आम्ही तिला तिच्याच विद्येच्या जननीची आठवण दिली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या ४ नोव्हेंबर १८५४ रोजी अडतीस स्त्रियांसह तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचल्या. त्या हिवाळ्यात त्यांनी रात्रंदिवस कष्ट केले. तरीही रोगी मरतच राहिले, आणि फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूंचे प्रमाण शेकडा बेचाळिसावर गेले. मार्चमध्ये आलेल्या आरोग्य आयोगाने गटारे उपसली व हवा खेळती केली, तेव्हा ते झपाट्याने उतरले. युद्ध संपल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी आकडे तपासले, तेव्हा त्यांस उमगले की, आपण जेथे राबलो तेथेच घाणीने व कोंदट हवेने माणसे मरत होती, आणि त्या वेळी आपल्यास ते पुरतेपणी कळले नव्हते. १८५७ साली त्या आजाराने कोसळल्या. परंतु ते आकडे त्यांनी लपविले नाहीत. आकृत्या काढून सरकारपुढे मांडले, आणि १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली. आज जगभर परिचारिका जे शिकतात, त्याचा मोठा भाग या बाईंनी अशा दुःखातून शिकलेल्या गोष्टींवर उभा आहे.

स्वतःविषयी शंका येणे हे अपात्रतेचे लक्षण आहे, असे आम्हास वाटत नाही. ज्यास रोग्याच्या भिंतीकडे वळलेल्या तोंडाचे काहीच वाटत नाही, त्याच्या हाती आम्ही आमचे आजारी माणूस सोपविणार नाही. परंतु शंका ही एखाद्या पाहुण्यासारखी आहे. तिला बसावयास पाट द्यावा, ती काय सांगते ते ऐकावे, मात्र घराच्या किल्ल्या तिच्या हाती देऊ नयेत. बाबांची शंका त्यांस सांगत होती की, तू भितोस. ते खरे होते, आणि त्यांनी ते ऐकून घेतले. तू जाऊ नकोस, असेही ती सांगत होती. ते मात्र त्यांनी ऐकले नाही.

त्या रात्री मुलीने राजीनामा लिहिला की नाही, हे आम्ही विचारले नाही. दिवाळीच्या सुटीत ती पुन्हा भेटली. दुसऱ्याच दिवशी ती कामावर गेली होती. आपल्याला सडलेल्या जखमेचे ड्रेसिंग जमत नाही, ते शिकवा, असे तिने वॉर्डातील वडीलधाऱ्या सिस्टरांस स्पष्ट सांगितले. त्या रागावतील अशी तिची अपेक्षा होती. त्या रागावल्या नाहीत. पट्टी सोडण्यापूर्वी ती सलाइनने नीट भिजवावी, सामान आधी हाताशी मांडावे, आणि रोग्याच्या पायाशी नव्हे तर प्रथम त्याच्या तोंडाशी दोन शब्द बोलावे, असे त्यांनी शिकविले. दुर्गंध अजूनही येतो, पोटात अजूनही ढवळते, असे ती म्हणाली. मात्र आता ती पट्टी पुरी बांधून मग बाहेर जाते.

सक्करदऱ्याहून वरोरा शंभराहून थोडे अधिक किलोमीटरांवर आहे; जांबवरून चंद्रपूरकडे जाणाऱ्या वाटेने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. पालकांनी एखाद्या सुटीत मुलांस आनंदवन अवश्य दाखवावे. आणि परत येताना, मोठी झाडे व इमारती यांच्याबरोबरच, वरोऱ्याच्या त्या रस्त्याचीही गोष्ट त्यांस सांगावी, जेथून एक माणूस एकदा पळाला होता.